काल्पनिक पात्राचा जाहीर सन्मान करायचा झाला तर पाटीवर नाव कुणाचं, आणि पाटी कशी करायची?

मार्कंडेयकाठ
नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका वाचनालयाच्या आवारात मुलांच्या नाटकांसाठी छोटा रंगमंच आहे. रंगमंचाकडे जाणाऱ्या वाटेत दरवर्षी एक मानाची फरशी बसवावी असा विचार चालू आहे. हॉलिवूडच्या पदपथावर (वॉक ऑफ फेम) नावाचा तारा असलेल्या फरशा असतात तशी, पण नटाच्या नावाची नव्हे, पात्राच्या नावाची.

माझं मत आधीच सांगते. फरशीवर फक्त पात्राचं नाव असावं. खाली लेखक, नट, दिग्दर्शक अशी यादी आली की ती नेहमीची कोनशिला होते. मुलांसाठी ते पात्र खरं असतं, त्या खरेपणाचा मान राखावा. मिकी माउसला नाही का स्वतःच्या नावाचा तारा मिळाला?

विचारायचं आहे ते असं : निकष काय लावावेत, पात्राच्या वतीने मान कुणी घ्यावा, आणि फरशी इथल्या इथे कशी करून घ्यावी. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खानापूरकर
चिमणराव. निकषबिकष नंतर बघू की.

पडद्यामागचा
चांगला विषय. आधी मिकीचं नीट सांगतो, कारण त्याचा दाखला पुढे सारखा येणार.

मिकीला तारा मिळाला १३ नोव्हेंबर १९७८ ला, त्याच्या पन्नाशीच्या निमित्ताने. मान मिळालेलं ते पहिलं ॲनिमेशनमधलं पात्र. पहिलं काल्पनिक पात्र मात्र नव्हे. १९६० मध्ये पहिल्या खेपेला जी नावं बसली त्यात लॅसी आहे. पडद्यावर लॅसीचं काम करणारा पहिला कुत्रा पाल, तो नर; भूमिका मादीची. ताऱ्यावर नाव आहे ते भूमिकेचं. म्हणजे 'नाव पात्राचं की काम करणाऱ्याचं' हा तुमचा प्रश्न तिथे पहिल्याच वर्षी सुटला होता, कुणी फारसं लक्ष दिलं नाही इतकंच.

पुढे बग्ज बनी १९८५, स्नो व्हाइट १९८७, बिग बर्ड १९९४, सिम्पसन कुटुंब २०००, कर्मिट बेडूक २००२, डोनाल्ड डक आणि गॉडझिला दोघेही २००४, श्रेक २०१०, स्नूपी २०१५. बॅटमॅनला २०२४ मध्ये मिळाला, सुपरहिरोंमध्ये तो पहिला.

कामाची गोष्ट म्हणजे हे आपोआप होत नाही. कुणीतरी अर्ज करावा लागतो, त्या क्षेत्रात किमान ५ वर्षांचं काम दाखवावं लागतं, मानकऱ्याची (पात्र असेल तर त्याच्या मालकांची) लेखी संमती लागते, समारंभाला हजर राहण्याची हमी लागते. निवड झाल्यावर प्रायोजकाने पैसे भरायचे. ही रक्कम अलीकडे ८५,००० डॉलरवर गेली आहे. पात्राचा मान बहुतेक वेळा नव्या चित्रपटाच्या किंवा वर्धापनाच्या तोंडावर येतो तो याचमुळे, कारण पैसे भरणाऱ्याला प्रसिद्धीचा मुहूर्त साधायचा असतो. तुमच्याकडे प्रायोजक नाही ही मोठी मोकळीक आहे, ती सोडू नका.

सीमेवरची_सई
खानापूरकर, चिमणराव घेताय आणि गुंड्याभाऊ बाहेर? मिनी आणि मिकी दोघेही १९२८ चे, एकाच लघुपटातून पुढे आलेले. मिनीला तारा मिळाला २२ जानेवारी २०१८ ला. मध्ये ४० वर्षं. जोडीतल्या एकालाच मान देताना दुसऱ्याचं काय, हे पहिल्याच वर्षी ठरवा. नंतर ते निस्तरता येत नाही.

खानापूरकर
गुंड्याभाऊ आलाच की ओ, तो काय बोलावल्याशिवाय राहणार आहे?

ढोलताशा_टिळकवाडी
बेळगावात फरशी बसवायची आणि रावसाहेब नाहीत? पहिला मान त्यांचाच.

शब्दवेल्हाळ
ढोलताशा, भावना पोचली, पण रावसाहेब काल्पनिक नव्हेत. ते बेळगावचे हाडामांसाचे गृहस्थ. पु.लं.नी 'गणगोत'मध्ये लिहिलं ते व्यक्तिचित्र आहे. पु.ल. इथे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते त्या काळातली ती ओळख. कानडी वळणाच्या मराठीतलं ते बोलणं इतकं रंगलं आहे की वाचणाऱ्याला पात्र वाटावं, पण खऱ्या माणसाला काल्पनिकांच्या रांगेत बसवणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचा मान वेगळा, माणूस म्हणून व्हावा.

यातून एक निकष निघतो. खऱ्या व्यक्तीवर बेतलेलं, तिच्याच नावाचं पात्र या यादीत नको. सखाराम गटणे चालेल, रावसाहेब नाहीत.

ढोलताशा_टिळकवाडी
मान्य. पण मग बेळगावाशी नातं असलेलं पात्र कुठून आणायचं? चिमणराव काय इथला नव्हे.

जपानीमांजर
नात्याच्या मुद्द्यावर जपानकडे बघा. तिथल्या नगरपालिका काल्पनिक पात्रांना चक्क रहिवासी करून घेतात, आणि प्रत्येक वेळी नात्याचं कारण लेखी देतात.

ॲस्ट्रो बॉय, म्हणजे मूळचा आटोम. कथेत त्याचा जन्म ७ एप्रिल २००३ चा. त्या वर्षी सायतामा प्रांतातल्या निइझा शहराने त्याला विशेष रहिवासी केलं, कारण ज्या स्टुडिओतून तो आला त्याचं काम त्या शहरात चालतं. डोरेमॉनचा जन्म कथेत ३ सप्टेंबर २११२ चा. कावासाकी शहराने त्याच्या जन्माच्या बरोबर १०० वर्षं आधी, ३ सप्टेंबर २०१२ ला, त्याला विशेष रहिवासी केलं. त्याच्या चित्रकाराचं संग्रहालय त्या शहरात आहे. गॉडझिलाला टोकियोच्या शिंजुकू भागाने २०१५ मध्ये रहिवासी आणि पर्यटनदूत केलं. दाखल्यात कारणही दिलं आहे : करमणुकीला हातभार, काबुकिचो वस्तीवर नजर ठेवणं, आणि इमारतीवर बसवलेल्या त्याच्या डोक्यामुळे जगभरातून येणारे पाहुणे.

नातं जन्माचंच असावं असं नाही, पण ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटीने १९३७ मध्येच पालक खाऊन ताकद कमावणाऱ्या पॉपायचा पुतळा उभारला, कारण गाव पालक पिकवणाऱ्यांचं. संपलं कारण. लंडनची रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री तर शेरलॉक होम्सला २००२ मध्ये मानद फेलो करून मोकळी झाली, रसायनशास्त्र गुन्हेतपासात आणल्याबद्दल.

निपाणीवाले
गॉडझिलाला रहिवासी दाखला मिळतो आणि इकडे खऱ्या माणसाला एका सहीसाठी चिकोडी ते निपाणी दोन खेपा!

जपानीमांजर
निपाणीवाले, तो दाखला मानाचा आहे, त्यावर रेशन मिळत नाही. :)

रंगपटी
मूळ पोस्टमधल्या मताला माझा ठाम विरोध आहे. फक्त पात्राचं नाव लिहिणं म्हणजे मुलांच्या खरेपणाचा मान राखणं नव्हे, ज्यांनी ते घडवलं त्यांना पुसणं आहे.

ऑस्करवाल्यांनी हे कसं केलं पाहा. १९३२ मध्ये मानद पुरस्कार दिला तो मिकीला नाही, मिकी निर्माण केल्याबद्दल वॉल्ट डिस्नेला. १९३९ मध्ये स्नो व्हाइटसाठी डिस्नेला एक मोठी आणि सात छोट्या बाहुल्या दिल्या. आणि मला सगळ्यात आवडतो तो १९३८ चा प्रकार. एडगर बर्गन शब्दभ्रमकार होता आणि चार्ली मॅकार्थी त्याचा लाकडी बाहुला. पुरस्कार बर्गनला, पण मूर्ती लाकडाची आणि तिचा जबडा हलणारा. घडवणाऱ्याचं नाव राहिलं आणि बाहुल्यालाही दाद मिळाली. मानाची वस्तूच बोलली, वेगळं भाषण लागलं नाही.

आपल्याकडे अर्धवटराव घ्या. बाहुला घडवला यशवंत केशव पाध्यांनी, पुढे रामदास पाध्यांनी त्याला घराघरात नेलं. तात्या विंचूही रामदास पाध्यांच्याच हातचा. उद्या 'अर्धवटराव' एवढंच कोरून पाध्यांचं नाव गाळलं तर ते बरं दिसेल का?

गॉडझिलाचंही तेच. १९५४ ते १९७२ अशा १२ चित्रपटांत तो रबरी पोशाख घालून हारुओ नाकाजिमा चालला. पहिला पोशाख १०० किलोच्या आसपास होता. आत दिव्यांची उष्णता, श्वास कोंडणं. ती चाल त्याची आहे. फरशीवर त्याला एक ओळ मिळायलाच हवी.

मार्कंडेयकाठ
रंगपटी, बर्गनचं उदाहरण मनाला लागलं. तरीही सहा-सात नावांची यादी मला नकोच. मुलं फरशीसमोर थांबतील ती एका नावासाठी.

पडद्यामागचा
मध्यममार्ग हॉलिवूडच्याच पदपथावर आहे. बग्ज बनीचा वेगळा, त्याचा आवाज देणाऱ्या मेल ब्लँकचा वेगळा. बिग बर्डचा वेगळा आणि त्याच्या पोशाखाच्या आत असणाऱ्या कॅरोल स्पिनीचाही वेगळा, दोन्ही १९९४ चे. कर्मिटचा वेगळा, त्याला घडवणाऱ्या जिम हेन्सनचा वेगळा. पात्राच्या मानात माणूस झाकला जाऊ नये म्हणून दोघांना सवतं स्थान. पण तुमची वाट काय १५ चौकांची नाही, एका आवारात दोन-दोन फरशा परवडणार नाहीत. तेव्हा एकाच फरशीवर मोठं नाव पात्राचं आणि तळाशी दोन छोट्या ओळी. दोनच. एक लिहिणाऱ्याची, एक वठवणाऱ्याची.

कुंदा_आणि_कडक
वठवणारे अनेक असतील तर?

पडद्यामागचा
ज्याच्यामुळे त्या गावातल्या लोकांना ते पात्र माहीत झालं तो. चिमणराव म्हटल्यावर दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर डोळ्यांपुढे येतात, गुंड्याभाऊ म्हटल्यावर बाळ कर्वे. लेखक चिं. वि. जोशी. यात वाद होण्यासारखं काही नाही.

वकीलसाहेबा
थोडं कायद्याचं, कारण उत्साहात हे राहून जातं.

जागा : १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामं उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये असं सांगितलं आहे. महापालिकेच्या फुटपाथवर फरशी बसवण्याचा विचारही नको. संस्थेच्या मालकीच्या आवारात, समितीच्या ठरावाने करा. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती घ्या.

लेखनहक्क : आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या चिमणरावाच्या कथांवरचा हक्क २०२३ च्या अखेरीस संपला. पण मालिकेतलं चित्र, पोशाखातला प्रभावळकरांचा चेहरा, पुस्तकांतली चित्रकाराने काढलेली चित्रं, यांचे हक्क निराळे आहेत. फरशीवर चेहरा काढू नका, नावच लिहा. फास्टर फेणे घ्यायचा तर भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत. वारसांना पत्र लिहून होकार घ्यावा. नुसतं नाव कोरायला कायद्याने कदाचित अडणार नाही, पण समारंभात पोशाख, प्रवेश, चित्र असं सगळं येतं. पत्र लिहिणं हाच सभ्य मार्ग.

तारा : तो पाच टोकांचा गुलाबी तारा, आत पितळी गोल चिन्ह, ही रचना तिथल्या व्यापारी मंडळाने व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेली आहे. हुबेहूब नक्कल टाळा.

भाषा : २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात नामफलकावर ६० टक्के कन्नड लागते. तो नियम आस्थापना आणि संस्थांच्या नामफलकांसाठी आहे. मानाची फरशी नामफलकात मोडते की नाही हे महापालिकेच्या कार्यालयात अर्ज देऊन लेखी विचारा, तोंडी उत्तरावर काम सुरू करू नका.

सीमेवरची_सई
नियम लागू असो नसो, कन्नड ओळ असावीच. त्या रंगमंचावर येणारी निम्मी मुलं शाळेत कन्नड शिकतात. आणि पुढच्या वर्षी एखादं कन्नड पात्र घेतलं तर मराठी ओळही तशीच सन्मानाने येईल. कर्नाटकात याची मोठी परंपरा आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या अरसाळू रेल्वे स्थानकात मालगुडीचं संग्रहालय केलं आहे, म्हणजे मान एका काल्पनिक गावाला. आणि मालगुडीकार आर. के. नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण, मैसूरचे. त्यांचा कॉमन मॅन १९८८ मध्ये टपाल तिकिटावर आला, पुढे पुण्यात आणि मुंबईत वरळीला त्याचे पुतळे झाले. एका घरातल्या दोन भावांच्या दोन कल्पनांना असा मान. आणि कॉमन मॅनने आयुष्यभर तोंड उघडलं नाही, भाषणाचा प्रश्नच मिटला.

ढोलताशा_टिळकवाडी
मग पहिला मान कॉमन मॅनला द्या! त्याच्या चित्रकाराचा मैसूरला जन्म, मुंबईत काम, म्हणजे मराठी-कन्नड दोघांचा. बेळगावाला यापेक्षा जवळचं काय?

शब्दवेल्हाळ
मुद्दा बिनतोड आहे. पण बालरंगभूमीशी त्याचा संबंध काय?

उद्यमबाग
फरशीबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो.

तो तारा म्हणजे आपलं मोझाईकच. काळपट चौकोन, आत पोवळ्या रंगाचा तारा, कडेने पितळी पट्टी, सगळं घासून एका पातळीत. तिथे चौकोन ३ फूट बाय ३ फूट आहे. एवढी फरशी ४० मिमी जाडीची केली तर ८० किलोच्या आसपास वजन होतं, चौघांशिवाय हलत नाही. तुम्ही ६० सेंमी बाय ६० सेंमी करा, ३५ किलो, दोघांत उचलते.

खाली २८ मिमी काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), त्यात मध्यावर जाळी. वर १२ मिमी मोझाईकचा थर. थराचा माल : पांढरं सिमेंट ३ भाग आणि मार्बल पावडर १ भाग वजनाने, मग हे मिश्रण १ माप तर चिप्स (संगमरवराची बारीक खडी) पावणेदोन माप. ६० बाय ६० ला सिमेंट अडीच किलो, पावडर ८०० ग्रॅम, चिप्स साधारण पावणेसात किलो. नासधूस धरून थोडा जास्त कालवा. दोन रंग असतील तर कोरडा माल आधी वाटून घ्या आणि प्रत्येक रंग एकाच खेपेत कालवा, दुसऱ्या खेपेची छटा जुळत नाही. रंग सिमेंटच्या १० टक्क्यांवर कधीच नको, ताकद जाते. पोवळ्या छटेला तांबडा ऑक्साइड २ ते ३ टक्के पुरतो, त्यात चिमूटभर पिवळा.

आकाराबद्दल : तारा सोडाच, वकीलसाहेबा म्हणतात ते बरोबर, आणि कामाच्या दृष्टीनेही तारा वाईट. आतल्या पाच खाचांतून तडे सुटतात. गोलाईचा आकार घ्या. पट्टी ३ मिमी जाड, १२ मिमी उंच, वाकवताना आधी तापवून मऊ केलेली.

एक रंग भरला की तो घट्ट होईपर्यंत दुसरा भरायचा नाही, दुसऱ्या दिवशी भरा. घाईत भरला की पट्टीखालून रंग पाझरतो आणि कड घाण दिसते. ७ दिवस ओलं ठेवायचं. मग ६० नंबरच्या दगडाने पहिली घासणी, त्याच रंगाच्या सिमेंट-स्लरीने (पातळ कालवलेल्या सिमेंटने) भोकं बुजवणं, पुन्हा ४-५ दिवस पाणी, मग ८० आणि १२०. इथे लोक चुकतात ते असं : स्लरी न भरता पितळासकट पुढे घासत जातात. पितळाची काळी भुकटी पांढऱ्या सिमेंटच्या भोकांत बसते आणि ती काही केल्या निघत नाही. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पॉलिश, पितळावर ते जास्त वेळ ठेवायचं नाही.

आणि उघड्यावर, पायाखाली असेल तर १२० वर थांबा. ३२० पर्यंत चकचकीत केली तर बेळगावच्या पावसात पोरं घसरणार.

मार्कंडेयकाठ
उद्यमबागदादा, हे तर छापून ठेवण्यासारखं आहे. अक्षरांचं काय? पितळ ओतून की पत्रा कापून?

उद्यमबाग
दोन्ही होतं. पत्र्याची अक्षरं ३ मिमीची कापून मिळतात, पण घासणीत एखादा मिमी जातो आणि मग पकड राहत नाही. ओतीव अक्षर ८-१० मिमी जाड, पाठीला खुंट्या, ते हलत नाही. ओतकामात पितळ आटतं, मीटरला १५-१६ मिमी, म्हणून साचा तेवढा मोठा करायचा. बाजूंना २-३ अंश उतार द्या, नाहीतर साचा काढताना वाळू ढासळते. रेघ ५ मिमीपेक्षा बारीक नको. रफार, अनुस्वार, वेलांटीचं टोक हे सगळं साच्यातच शिरोरेघेला जाडसर जोडून घ्या.

देवनागरीत एक फायदा आहे : शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एक ओतीव तुकडा होतो. कन्नड अक्षरं सुटी, खाली ओत्ताक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर) वेगळं. प्रत्येक तुकड्याला दोन खुंट्या लागतात, नाहीतर घासताना यंत्राने फिरतात. म्हणून कन्नड ओळीचे साचे आधी करा, वेळ तिथे जातो. आपल्याकडे बीड (ओतीव लोखंड) ओतणारे कारखाने भरपूर, पितळाचं छोटं काम घेणारा शोधावा लागतो. आधी एका अक्षराचा नमुना ओतून घ्या.

आक्का_शहापूर
एवढं सगळं वाचलं. एक साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही का ओ? आपल्यात नावावर पाय देत नाहीत. चिं. वि. जोशींचं नाव फरशीवर कोरायचं आणि पोरांनी त्यावरून चपला घालून जायचं?

पडद्यामागचा
आक्का, अगदी बरोबर. आणि याला तिथलाच दाखला आहे. मुहम्मद अलींनी २००२ मध्ये तारा स्वीकारताना हीच अट घातली. आपलं नाव पैगंबरांचं आहे, त्यावर कुणी पाय देऊ नये. म्हणून त्यांचा तारा पदपथावर नाही, थिएटरच्या प्रवेशाजवळच्या भिंतीवर बसवला आहे.

रंगपटी
मग आपली फरशी रंगमंचाच्या जोत्यावर, समोरच्या उभ्या बाजूला बसवा. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल, घसरण्याचा प्रश्न मिटेल, पावसाचं पाणीही साचणार नाही. आकार घंटेचा घ्या. तिसरी घंटा झाल्याशिवाय आपलं नाटक सुरू होत नाही, आणि ती कुणाचं व्यापारचिन्ह नाही.

उद्यमबाग
घंटा उत्तम. गोलाई आहे, पट्टी सहज वाकते. उभी बसवायची तर जमिनीवर आडवी करून, घासून, मग चढवा. नुसत्या सिमेंटवर ३५ किलो टांगू नका. स्टेनलेस स्टीलच्या चार कड्या, दोन खाली आधाराला, दोन वर धरायला, आणि मागे पूर्ण भराव. पोकळी राहिली तर पाणी आत जाऊन पांढरा क्षार फुटतो. उभी आहे म्हणून आता ३२० पर्यंत पॉलिश चालेल.

निपाणीवाले
स्वीकारणार कोण ते राहिलं. पोशाखातला माणूस आणला तर त्याला शाल-श्रीफळ-फेटा द्यायचा कसा?

नेपथ्यवाली
हे नीट ठरवावं लागतं, कारण फजिती इथेच होते.

मोठ्या डोक्याच्या फोमच्या पोशाखात माणूस २० मिनिटांवर ठेवायचा नाही, उन्हात तर १५. बेळगावची हवा थंड म्हणून गाफील राहू नका, आतली हवा बाहेर जातच नाही. डोक्यात पॉवरबँकवर चालणारा छोटा पंखा, आणि मागे पडद्याआड पाणी व बसायला जागा. सोबत एक हात धरणारा हवाच, आतून फक्त समोरचं दिसतं, पायऱ्या दिसत नाहीत, आणि लहान मूल कमरेखाली आलं तर कळतही नाही.

फेटा स्टेजवर बांधायचा नाही. फोमचा घेर मोठा असतो आणि कापड घसरतं. आधी त्याच डोक्याच्या मापाने बांधून, आतून वेल्क्रो शिवून तयार ठेवा, पाहुण्यांनी नुसता ठेवायचा. नारळ जाड हातमोज्यांत टिकत नाही, हमखास पडतो. तो तबकात द्या आणि तबक सोबत्याने धरावं. शाल चालते, पण पिन लावू नका, फोम फाटतो.

पोशाखातलं पात्र बोलत नाही. बोललं आणि आवाज वेगळा निघाला की मुलांचा विरस होतो. मिनीच्या समारंभातही भाषण गायिका केटी पेरीने केलं, मिनी शेजारी उभी होती.

पण चिमणरावाला हे काहीच लागत नाही. तो माणूस आहे. कोट, टोपी, धोतर घालून एखाद्या विद्यार्थ्याने प्रवेश करून दाखवावा आणि मानपत्र पात्रातच राहून घ्यावं.

कुंदा_आणि_कडक
आणि मानपत्रासोबत कुंदा. पात्राने नाही खाल्ला तर समिती आहेच.

रंगपटी
एक धोका सांगते. मान दिल्यावर 'हेच पात्र का' हा प्रश्न येतो. संयुक्त राष्ट्रांनी २१ ऑक्टोबर २०१६ ला वंडर वुमनला स्त्रियांच्या सक्षमीकरणाची मानद दूत केलं. त्याच दिवशी निषेध झाला, सुमारे ४५,००० सह्यांचा अर्ज आला, डिसेंबरात ती नेमणूक संपली. आक्षेप असा की हयात, काम करणाऱ्या बायका असताना चित्रातली का, आणि तीही त्या पोशाखातली. फिलाडेल्फियात रॉकी या चित्रपटातल्या मुष्टियोद्ध्याचा पुतळा कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून हलवावा लागला, कारण ती कलाकृती की चित्रपटाचं सामान यावर भांडण. २००६ मध्ये तो पायऱ्यांच्या तळाशी परत आला.

दोन्हीकडे पात्र वाईट नव्हतं, जागेशी जुळलं नाही. म्हणून ढोलताशांचा कॉमन मॅन मला प्रिय असूनही पहिल्या वर्षी नको. मुलांच्या रंगमंचावर मुलांनी प्रवेश करून दाखवता येईल असंच पात्र हवं. हाच पहिला निकष ठेवा, म्हणजे बेळगावाशी नातंही तयार होतं : त्या वर्षी त्या पात्राचा प्रवेश त्या रंगमंचावर झाला.

ढोलताशा_टिळकवाडी
हे पटलं. कॉमन मॅन पुढच्या वर्षी, मूकनाट्य म्हणून. लक्ष्मणांच्या चित्रांचे हक्क आहेत, पत्र आत्ताच पाठवा.

मार्कंडेयकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. फक्त पात्राचंच नाव हवं हा माझा आग्रह मी सोडते. समितीपुढे हा मसुदा ठेवणार आहे :

फरशी ६० बाय ६० सेंमी, घंटेचा आकार, रंगमंचाच्या जोत्यावर उभी. मध्ये मोठ्या अक्षरांत 'चिमणराव आणि गुंड्याभाऊ', त्याखाली तेच कन्नडमध्ये, त्याच उंचीच्या अक्षरांत. तळाशी दोन ओळी : 'लेखन चिं. वि. जोशी' आणि 'दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर, बाळ कर्वे'. निकष तीन : पात्र काल्पनिक असावं, मुलांना त्याचा प्रवेश करता यावा, आणि मान देण्याचं कारण एका वाक्यात लिहिता यावं.

उद्यमबाग
तळाच्या ओळी ओतीव होणार नाहीत. ६० सेंमीत दुसऱ्या ओळीचं अक्षर २० मिमीच्या वर जात नाही, रेघ अडीच-तीन मिमी येते. त्या दोन ओळी ३ मिमी पितळी पट्टीवर खोदून, काळा रंग भरून, घासणी झाल्यानंतर वेगळी बसवा. पट्टीला खाच आधीच सोडावी लागेल, ३६० बाय ७० मिमी, ४ मिमी खोल. मोझाईक भरतानाच लाकडी तुकडा ठेवा.

शब्दवेल्हाळ
आणि ओतायला देण्याआधी कन्नड ओळ दोन वेगळ्या शिक्षकांकडून तपासून घ्या. 'ण' आणि 'न' बदलला तर अक्षर पुन्हा ओतावं लागेल.

वकीलसाहेबा
प्रभावळकर आणि कर्वे कुटुंबीय यांनाही एक पत्र जाऊ द्या. नाव आदराने घेतलं आहे हे त्यांना वर्तमानपत्रातून कळायला नको.

मार्कंडेयकाठ
दोन्ही पत्रं लिहायला घेते. दादा, खाचेचं माप टिपून घेतलं.